आधी आकाश, मग चेहरा

मावळतीच्या आकाशासमोर माणूस उभा करून फोटो काढला की तीनपैकी एक गोष्ट हटकून होते. आकाश सुरेख येतं आणि माणूस काळाठिक्कर. किंवा चेहरा नीट दिसतो आणि आकाश पांढरंफटक. किंवा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडतो, चेहरा पिठूळ होतो आणि मागे समुद्र होता की भिंत हे कळायलाही मार्ग राहत नाही. आपल्याकडच्या रिसेप्शनच्या अल्बमांत हा तिसरा प्रकार ढिगानं सापडतो, आणि त्यात दोष फ्लॅशचा फारसा नसतो. फोटोग्राफरनं शटर आणि अपर्चर असं ठेवलेलं असतं की हॉलमधल्या उजेडाला कॅमेऱ्यात शिरायला वावच मिळत नाही.

फ्लॅश वापरून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन एक्स्पोजर असतात. एक तिथल्या मूळच्या उजेडाचं, दुसरं फ्लॅशचं. मूळचा उजेड शटर उघडं असेपर्यंत साठत राहतो. फ्लॅशचा झोत मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आणि कमी पॉवरवर त्याहूनही कितीतरी कमी वेळात येऊन जातो. म्हणून शटर १/२०० ठेवा नाहीतर १/३०, फ्लॅशनं चेहऱ्यावर टाकलेला उजेड तेवढाच नोंदला जातो. कमीजास्त होतं ते मागचं आकाश. अपर्चर आणि आयएसओ बदलले तर दोन्ही उजेड सारखेच बदलतात. फ्लॅशची पॉवर आणि त्याचं माणसापासूनचं अंतर यांचा परिणाम फक्त फ्लॅशवर. पुढची सगळी कृती एवढ्यावरच उभी आहे, आणि तिचा क्रमही यातूनच ठरतो: आकाश आपल्या हातात नाही, म्हणून आधी त्याचं एक्स्पोजर बांधायचं, फ्लॅश हातात आहे, म्हणून तो नंतर त्याला जुळवायचा. उलट्या क्रमानं गेलात तर आकाशासाठी केलेल्या प्रत्येक फेरफारानंतर फ्लॅश पुन्हा लावत बसावं लागतं.

उदाहरणाला गुहागरचा किनारा घेऊ. लांब, सरळ, पश्चिमेकडे तोंड, मागे सुरूचं बन. फोटो काढायचाय तो भाचीचा. पैठणी नेसून आली आहे, हाताशी तिचा धाकटा भाऊ आहे. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, मे महिन्यात सातच्या. तुम्ही त्याआधी पाऊण तास पोचलेलं असावं.

साहित्य

मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा आणि ५० किंवा ८५ मिमीची लेन्स. एक स्पीडलाइट, म्हणजे एरवी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो तो फ्लॅश. पॉवर हातानं कमीजास्त करता आली पाहिजे. कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश उडवायला रेडिओ ट्रिगर. साधारण ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स. छत्री स्वस्त पडते, पण समुद्रावर पहिल्याच झुळुकीला उलटी होते. सीटीओ जेलचे, म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर लावायच्या नारिंगी पारदर्शक कागदाचे, पाव, अर्धा आणि पूर्ण अशा गडदपणाचे तीन तुकडे. थर्माकोलचा एक पांढरा तक्ता, चार्ज केलेल्या सेलचा जादा संच आणि दोन रिकाम्या पिशव्या. पिशव्या कशाला, तर किनाऱ्यावरची वाळू भरून स्टँडच्या पायाला अडकवायला. संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो आणि सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. खरं तर स्टँडपेक्षा धाकटा भाऊ बरा. फ्लॅश एखाद्या मोनोपॉडच्या टोकाला लावून त्याच्या हातात दिला, की "थोडा वर, थोडा डावीकडे" म्हणता येतं, आणि तो पडला तरी फ्लॅश सांभाळून पडतो.

कॅमेरा तयार करणं

रॉ फॉरमॅट, मॅन्युअल मोड, आयएसओ १००. ऑटो आयएसओ आठवणीनं बंद करा. तो चालू राहिला तर कॅमेरा तुमच्या पाठीमागे आकडे बदलत राहतो आणि फ्लॅश मध्येच जास्त, मध्येच कमी का पडतोय याचा पत्ता लागत नाही. मिररलेस कॅमेरा असेल तर सायलेंट शटरही बंद. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या अवस्थेत फ्लॅश उडतच नाही.

शटरला वरची एक मर्यादा आहे, तिला सिंक स्पीड म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० असते. शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा त्याच्यामागून बंद होत येतो. त्या मर्यादेपेक्षा वेग वाढवला की पहिला पूर्ण उघडायच्या आतच दुसरा निघतो, सेन्सर एका वेळी संपूर्ण उघडा नसतो, आणि फोटोच्या एका कडेला फ्लॅश न पोचलेला काळा पट्टा येतो. तेव्हा आज १/२०० च्या वर जायचं नाही.

आकाश बांधणं

फ्लॅश बंद ठेवा. सूर्याच्या थोडं बाजूचं आकाश चौकटीत भरून घ्या आणि मीटर शून्यावर आणा. सूर्य टेकायला आला असताना हवा स्वच्छ असेल तर आयएसओ १००, एफ/४, १/२०० च्या जवळपास आकडे मिळतील. सूर्य अजून चांगला वर असेल तर आकाश यावरही उजळ येईल. तिथं शटर वाढवता येत नाही, म्हणून एफ/५.६ किंवा एफ/८ करा, नाहीतर पाच मिनिटं थांबा. मला थांबणं जास्त आवडतं. मीटर शून्यावर असताना आकाश मध्यम उजेडाचं येतं; तिथून दोनतृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली उतरलात की ढगांचा केशरी रंग भरतो.

आता भाचीला समोर उभं करून याच आकड्यांवर एक फोटो काढा. आकाश हवं तसं आणि ती पूर्ण काळी आकृती, असं दिसलं पाहिजे. इथं घाबरून शटर कमी करण्याचा मोह होतो. तो आवरा. पार्श्वभूमीचं काम झालेलं आहे, यापुढे चेहरा फ्लॅशचा.

फ्लॅश कुठे ठेवायचा

कॅमेऱ्यावर नाही, एवढं नक्की. चेहऱ्यापासून सुमारे दीड मीटर, समोरच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला आणि डोक्यापेक्षा हातभर उंच, खाली झुकवून. बुबुळात फ्लॅशची चमक घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी दिसली की उंची बरोबर आहे. चष्मा असेल तर सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब काचेत बसतं. फ्लॅश आणखी वर न्या किंवा तिला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. चष्मा काढायला लावू नका, रोज चष्मा लावणारं माणूस तो काढल्यावर वेगळंच दिसतं.

डावीकडे की उजवीकडे? याचं उत्तर सूर्य देतो. सूर्य अजून दिसत असेल आणि तिच्या मागे डावीकडे असेल, तर फ्लॅश उजवीकडून. सूर्य केसांवर आणि खांद्यावर सोनेरी कड काढतो, फ्लॅश चेहरा भरतो. सूर्य बुडाल्यावर ती कड नाहीशी होते. मग आकाश ज्या बाजूला जास्त उजळ आहे त्याच बाजूला फ्लॅश हलवा. फोटो बघणाऱ्याला दिवा लावलाय हे सहसा कळत नाही, पण उजेड चुकीच्या बाजूनं आलाय हे जाणवतं.

पैठणीच्या पदराची जर म्हणजे चकाकणारी तार. तिनं फ्लॅश सरळ कॅमेऱ्याकडे परतवला की तिथं पांढरा डाग पडतो. पॉवर कमी करून हा डाग जात नाही, कोन बदलून जातो. पदर खांद्यावरून थोडा फिरवून घ्या.

पॉवर

फ्लॅशही मॅन्युअलवर. सॉफ्टबॉक्समधून, दीड मीटरवरून, एफ/४ आणि आयएसओ १०० ला १/८ पॉवरनं सुरुवात करा. एक फोटो काढा. चेहरा जास्त उजळला तर १/१६, कमी वाटला तर १/४. प्रत्येक पायरी एका स्टॉपची, म्हणजे दुप्पट किंवा निम्मी. दोनतीन फोटोंत जमतं.

पॉवरला हात न लावता अंतरानंही हेच साधता येतं. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. एक स्टॉप कमी करायला अंतर सुमारे १.४ पट करावं लागतं. पण अंतर बदलताना आणखी एक गोष्ट बदलते. फ्लॅश चेहऱ्यापासून मीटरभरावर असेल तर पायांपर्यंत पोचेतो उजेड जवळजवळ चौथाई उरतो. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोत ते चांगलंच दिसतं. पैठणीचे काठ पायापर्यंत दाखवायचे असतील तर फ्लॅश अडीच-तीन मीटर मागे घ्या आणि पॉवर वाढवा. साडी नेसलेल्या माणसाचा पूर्ण उंचीचा फोटो इथंच फसतो: चेहरा लख्ख आणि निऱ्या अंधारात.

चेहरा बरोबर आला की नाही हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वासून ठरवू नका. सांजवेळी भोवती अंधार असतो, त्यामुळे तोच पडदा भलताच उजळ दिसतो, आणि घरी संगणकावर सगळे फोटो स्टॉपभर काळे निघतात. पडद्याची चमक आधीच कमी करून ठेवा, हिस्टोग्राम बघा, आणि जास्त उजळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना चालू ठेवा. कपाळ किंवा नाकाचा शेंडा लुकलुकला तर दर वेळी पॉवरच जास्त असते असं नाही. कोकणच्या दमट हवेत चेहऱ्याला घाम सुटतो आणि तोच चमकतो. रुमालानं टिपून घ्या, चोळू नका, आणि पुन्हा बघा.

चेहरा अगदी बरोबर उजळलाय असं वाटलं, की तिथून पॉवर एकतृतीयांश ते दोनतृतीयांश स्टॉप खाली आणा. फ्लॅश आणि मूळचा उजेड यांचा तोल म्हणजे दोन्ही समसमान, असं पुष्कळांना वाटतं. समसमान केलेल्या फोटोत माणूस कात्रीनं कापून आकाशावर चिकटवल्यासारखा दिसतो. सूर्य पाठीमागे असलेलं माणूस आकाशापेक्षा थोडं काळवंडलेलं असणारच, डोळ्यांना त्याची सवय आहे. तेवढं काळवंडलेपण शिल्लक ठेवायचं.

सावल्या

फ्लॅश एका बाजूनं आला की दुसऱ्या गालावर सावली पडते. ती किती गडद असावी हे फ्लॅश ठरवत नाही. फ्लॅश तिथं पोचतच नाही. तिथं असतो तो फक्त मूळचा उजेड. शटर १/२०० वरून १/१०० वर आणलं तर ती सावली उघडते, उजळलेला गाल होता तसाच राहतो. पण आकाशही स्टॉपभर उजळतं. आकाशाला धक्का न लावता सावली उघडायची असेल तर थर्माकोलचा तक्ता सावलीच्या बाजूला, चौकटीच्या जेमतेम बाहेर धरा. तो फ्लॅशचाच उजेड परतवतो, त्यामुळे रंगही जुळतो. तरण्या चेहऱ्याला मी तक्ता जवळ धरतो. आजोबांचा फोटो असेल तर पुष्कळदा लावतच नाही. सुरकुत्यांना सावली लागते.

रंग

फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या रंगाचा. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना भोवतालचं सगळं केशरी असतं आणि त्यात हा पांढरा उजेड उपरा वाटतो. व्हाइट बॅलन्स ५५०० वर ठेवून फ्लॅशवर अर्धा सीटीओ लावा, चेहरा उन्हात आल्यासारखा दिसेल. जेल थोडा उजेड खातो, पॉवर तेवढी वाढवा. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, नाहीतर कॅमेरा तुमचा केशरी रंग इमानेइतबारे धुऊन काढील.

सूर्य बुडून आकाश निळं होऊ लागलं की उलटी युक्ती. फ्लॅशवर पाव सीटीओ आणि व्हाइट बॅलन्स सुमारे ४५०० केल्विन. चेहरा स्वाभाविक रंगाचा राहतो आणि ज्याच्यावर जेल नाही ते सगळं, म्हणजे आकाश, समुद्र, ओली वाळू, आणखी निळं होतं. पूर्ण सीटीओ आणि ३२०० केल्विन केलं तर निळा अगदी गडद होतो. काहींना तो आवडतो; मला त्यात सिनेमाचं पोस्टर दिसतं.

अंधार पडता पडता

इंग्लंड-अमेरिकेतले फोटोग्राफर व्हिडिओंत सूर्यास्तानंतर निवांत गप्पा मारत दिवा लावताना दिसतात. त्यांच्या अक्षांशाला ते परवडतं. लंडनला सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जायला अर्ध्या तासाहून अधिक, उन्हाळ्यात तर पाऊण तास लागतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि तोच संधिप्रकाश २२ ते २४ मिनिटांत आटोपतो. तेवढ्यात आकाश चारपाच स्टॉपनं उतरतं. म्हणून क्रम हाताला बसलेला हवा.

आधी फक्त शटर उतरवत जा: १/२००, १/१२५, १/६०. शटरचा फ्लॅशवर परिणाम नाही, तेव्हा फ्लॅशकडे बघायचीही गरज नाही. आकाशाच्या मागोमाग शटर खाली येत राहील आणि चेहरा तसाच राहील. सूर्यास्तानंतर आठदहा मिनिटांत १/६० गाठाल. त्याखाली हाताचा कंप आणि माणसाची हालचाल दिसू लागते, म्हणून आता आयएसओ वाढवा. आणि इथं मात्र फ्लॅशची आठवण ठेवा, कारण आयएसओ दोघांनाही उजळतो. आयएसओ १०० वरून ४०० केला, म्हणजे दोन स्टॉप चढवले, तर फ्लॅश दोन स्टॉप उतरवा: १/८ वरून १/३२. आयएसओ ८०० ला १/६४. यात एक फायदाही आहे. पॉवर कमी झाली की फ्लॅश क्षणात पुन्हा तयार होतो, सेल टिकतात, आणि भाचीच्या चेहऱ्यावरचं हसू फ्लॅशची वाट बघत ताटकळत नाही.

अगदी शेवटी १/३० किंवा १/१५ वर जायचंच असेल तर कॅमेरा तिपाईवर, आणि तिला सांगा, "हलू नकोस गं, आता म्हणेपर्यंत." फ्लॅशनं गोठवलेला चेहरा स्वच्छ येतो, पण ती हलली तर मागचं उजळ आकाश तिच्या कडेतून आत शिरतं आणि गालाभोवती पुसट भुताटकी दिसते. डोक्यामागे आकाशाऐवजी सुरूच्या बनाचा काळोख घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. पण मग केसही त्या काळोखात मिसळतात. दुसरा लहान फ्लॅश असेल तर तो मागून केसांवर टाका, अगदी कमी पॉवरनं.

भर दुपारी

दुपारचा फोटो टाळता आला तर टाळा. नाहीच टाळता आला तर हिशेब असा: कडक उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला अपर्चर एफ/११ लागतं. त्या अपर्चरला सॉफ्टबॉक्समधला एक स्पीडलाइट पूर्ण पॉवरवर, दीड मीटरवरून, जेमतेम पुरतो. एफ/४ ची धूसर पार्श्वभूमी हवी असेल तर लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, चढवा. तो ऊन आणि फ्लॅश दोघांनाही सारखंच कापतो, आपण अपर्चर उघडून दोघांनाही सारखंच परत देतो, आणि तोल जिथल्या तिथे राहतो. हाय स्पीड सिंक हा दुसरा मार्ग. त्यात शटर सिंक स्पीडच्या वर नेता यावं म्हणून फ्लॅश एका झोताऐवजी बारीक बारीक झोतांची माळ सोडतो आणि दोन स्टॉप किंवा जास्तच ताकद गमावतो. एका स्पीडलाइटला ते झेपत नाही. सॉफ्टबॉक्स काढून फ्लॅश जवळ आणावा लागतो, आणि मग उजेड कडक होतो.

टीटीएल, म्हणजे पॉवर कॅमेऱ्यानं स्वतः ठरवणं, मी वरातीत वापरतो, जिथं माणसाचं अंतर क्षणाक्षणाला बदलतं. फ्लॅशची भरपाई (कॉम्पेन्सेशन) उणे एकवर ठेवून. उभ्या माणसाच्या फोटोत त्याची गरज नाही.

पणतीच्या उजेडात

क्रम तोच, जागा घरातली. दिवाळीच्या संध्याकाळी आई ओट्यावर पणत्या मांडते आहे. इथं आकाशाच्या जागी पणतीची ज्योत आणि आकाशकंदील. आयएसओ १६००, एफ/२.८, १/५० पासून सुरुवात करा. १/५० मुद्दाम, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि १/५० किंवा १/१०० शटरवर स्वस्त एलईडी माळांचे पट्टे बहुधा उमटत नाहीत. ज्योतीचा आकार दिसला पाहिजे. ती नुसता पांढरा ठिपका झाली असेल तर आयएसओ उतरवा.

फ्लॅश छतावर मारून उजेड पसरवायची सवय इथं सोडा. पणतीचा उजेड छतातून येत नाही. शिवाय भिंती पिस्ता रंगाच्या असतील तर तो हिरवटपणा थेट आईच्या चेहऱ्यावर उतरतो. सॉफ्टबॉक्स पणत्यांच्याच बाजूला, आईच्या छातीच्या उंचीवर धरा. त्याहून खाली नको, हनुवटीखालून आलेला उजेड भीतिदायक दिसतो. पणत्यांपासून आणि पदरापासून तो हातभर लांब राहील याकडे एकानं लक्ष ठेवायचं. जेल पूर्ण सीटीओ, व्हाइट बॅलन्स ३२०० च्या आसपास. ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विनचा असतो, त्यामुळे एवढा नारिंगी करूनही फ्लॅश ज्योतीपेक्षा पांढराच राहतो, आणि चेहऱ्याला ते बरं दिसतं.

पॉवर १/१२८. पुष्कळ स्पीडलाइटची ही सगळ्यात खालची पायरी असते आणि तरीही या आयएसओला ती बहुधा जास्तच होते. मग सॉफ्टबॉक्स दोन-अडीच मीटर मागे न्या. घरात तेवढी जागा नसेल तर फ्लॅशच्या तोंडावर सुती रुमालाची दुहेरी घडी रबर लावून बांधा. एवढ्या कमी पॉवरवर तो तापत नाही. रुमाल पांढराच घ्या, रंगीत घेतलात तर त्याचा रंग आईच्या गालावर येईल.